आवाज स्वच्छ करा

माझ्या हातून एका माणसाचा आवाज पुसला गेला. ‘पुसला गेला’ असं लिहून मी अजूनही स्वतःची कातडी वाचवते आहे. मी पुसला. एका रविवारी दुपारी, जेवणं आटोपल्यावर, पलंगावर मांडी घालून, एका बोटाने पुसला आणि काम झकास झालं म्हणून खुशीत उठून चहा केला. त्या माणसाची मुलगी चौथीत माझ्या वर्गात होती. तिच्या वडिलांचा आवाज जगात तेवढ्या एकाच ठिकाणी साठवलेला होता. हे मला माहीत नव्हतं, हे खरं. माहीत करून घ्यावं असं मला वाटलंही नाही, हेही तितकंच खरं.

आधी टॅबचं सांगते. भिवंडीच्या आमच्या मराठी शाळेला एका शेठने दहा टॅब भेट दिले. दापोड्याच्या बाजूला ज्यांच्या भातशेतीवर आता गोदामं उभी आहेत, त्या गाववाल्यांपैकीच हे एक. नारळ फुटला, शाल झाली, फोटो झाले. मुलींच्या संडासाला आतून कडी नाही, दोन वर्ग गळतात, आणि कपाटात दहा टॅब. नाकापेक्षा मोती जड, असं मी स्टाफरूममध्ये मोठ्याने म्हटलं आणि मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यांनी टॅब जडवस्तू नोंदवहीत चढवले, कपाटाला नवं कुलूप आणलं आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. कुणी साहेब आले की टॅब बाहेर यायचे, मुलांच्या हातात दिले जायचे, फोटो निघाला की परत आत. मुलं त्याला ‘फोटोचा टॅब’च म्हणायला लागली होती.

मी मुळात तापट. घरात सगळे मला सुतळी बॉम्ब म्हणतात, आणि तेही मी जवळपास नसताना. एक दिवस मी मोठ्या बाईंपुढे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, “वापरायचे नसतील तर शेठना परत करा. त्यांच्या नातवंडांना गेम खेळायला तरी होतील.” त्या म्हणाल्या, “काही झालं तर जबाबदारी तुमची. लिहून द्या.” मी तिथेच लिहून दिलं आणि किल्ली घेतली.

त्यात एक गोष्टीचं ॲप होतं. चार कोरी पानं. प्रत्येक पानावर बोटाने चित्र काढायचं, खाली माइकचं चित्र, ते दाबून बोलायचं. झाली गोष्ट. पहिल्या दिवशी एका टॅबभोवती चार-पाच मुलं बसवली. आमच्याकडची बरीच मुलं यंत्रमागाच्या वस्तीतली. खोलीच्या भिंतीपलीकडे दिवसरात्र खडखडाट, त्यामुळे घरात पाणी मागायचं तरी ओरडून. ती टॅबशीही ओरडूनच बोलली. मग मी ते परत लावलं आणि वर्ग एकदम गप्प झाला. स्वतःचा आवाज त्यांनी कधी ऐकलेला नव्हता. एक जण बाकाखाली जाऊन लपला. एकीने तोंडात ओढणी कोंबली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. बारा वर्षांच्या नोकरीत इतका सुंदर तास माझ्या वाट्याला आला नव्हता. हे मी आजही म्हणेन, पुढे जे झालं ते धरूनही म्हणेन.

ती मुलगी खिडकीपाशी तिसऱ्या बाकावर बसायची. हजेरी घेताना तोंडाने ‘हजर’ म्हणायची नाही, नुसता हात वर करायची. जूनपासून मी तिच्या तोंडून सलग वाक्य ऐकलं नव्हतं. लिहायची सुरेख, फळ्यावरची गणितं सगळ्यांच्या आधी सोडवायची, पण वाचायला उभी केली की मुकी. मी तिच्यावर चिडायचे, मग स्वतःवर चिडायचे. त्या पहिल्या तासाला तिने टॅबवर एक लाल खेकडा काढला. दहाच्या दहा पाय मोजून काढले. माइक मात्र दाबला नाही. सुट्टीत माझ्याजवळ येऊन इतकंच म्हणाली, “बाई, मी घरी बोलेन.”

टॅब शाळेबाहेर न्यायचा नाही हा नियम. पण मी लिहून दिलेलंच होतं, मग आणखी काय व्हायचं राहिलं होतं? मी रोज संध्याकाळी एक टॅब एका घरी पाठवायला सुरुवात केली. मांजरपाटाची पिशवी शिवली, एका वहीत नोंद, पालकाने येऊन सही करायची, सकाळी परत. मुलांना बजावलं की शुक्रवारी ज्यांची पाळी असेल त्यांची मजा, कारण शुक्रवारी भिवंडीतले माग बंद असतात, आवाज नीट येईल. बाकीच्यांनी जरा लांब जाऊन बोलायचं. तिची पाळी बुधवारी आली.

सही करायला तिचे वडील आले. गणेशपुरीच्या अलीकडच्या एका खेड्यातले, घरची थोडी भातशेती भावाकडे सोपवून इथे मागावर कामाला लागलेले. आई दापोड्याला गोदामात पॅकिंगला, तिची ड्युटी संध्याकाळची. मालकाने कारखान्याच्या मागची खोली राहायला दिली होती. त्यांच्या भुवयांवर, कानाच्या केसांवर सुताची पांढरी लव बसलेली होती. त्यांनी पहिलंच वाक्य इतक्या जोरात उच्चारलं की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावल्या.

“बाई, हा फुटला बिटला तर?”

“जरा हळू बोला,” मी कपाळाला आठी घालून म्हटलं.

ते हसले. “हळू जमत न्हाय हो बाई. दिवसभर लूमवर. हळू बोललो तर आमचा आम्हालाच ऐकू येत न्हाय.” मग लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “ही घरात लय बोलते. शाळेत बोलते का?”

मी म्हटलं, “शाळेत नाही बोलत.” त्यांना ते पटलं नाही. ते पुन्हा हसले आणि पिशवी छातीशी धरून गेले.

गुरुवारी सकाळी मी तिची गोष्ट लावली. आधी नुसता खडखडाट. आठ-दहा माग एकदम चालल्यावर होतो तो. त्यातून वर आलेला तिचा आवाज, ठणठणीत, ओरडून बोललेला. खेकडा भाताच्या बांधात राहत होता. पाऊस संपला, पाणी आटलं, तेव्हा तो एसटीत बसून भिवंडीला आला. मालकाने त्याचे पाय मोजले आणि म्हणाला, तुला दहा पाय, तू दहा लूम चालव. इथे मागून एक पुरुष मोठ्याने हसत होता. दुसऱ्या पानापासूनच तो मध्ये मध्ये होता. ती अडली की विचारत होता, “मंग? मंग काय झाला?” शेवटच्या पानावर खेकड्याचे पाय दुखायला लागतात आणि तो गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडात जाऊन बसतो. तिने एवढं म्हटलं मात्र, मागून तो ओरडला, “अगो बाय, उकडंल ना त्यो!” मग दोघांचं हसणं, किती तरी वेळ. मग ती म्हणाली, “बरा. मंग तो फक्त पाय बुडवून बसला.”

मला किती आनंद झाला! मुकी पोर बोलली होती. मी मोठ्या बाईंना ऐकवलं, शेजारच्या बाईंना ऐकवलं. मोठ्या बाई म्हणाल्या, “छान आहे हो, पण काय तो गोंगाट. आणि तो माणूस कोण मध्ये?” केंद्रप्रमुखांनाही बातमी लागली. त्यांनी निरोप पाठवला, पुढच्या आठवड्यातल्या शिक्षण परिषदेत ही गोष्ट दाखवा, परिसरातले सगळे शिक्षक असतील. मी लगेच हो म्हटलं. हो म्हणताना मला मुलगी दिसत होती की माझं होणारं कौतुक दिसत होतं, हे आता खरं सांगायचं तर, दोन्ही दिसत होतं.

तेव्हा तिला शुक्रवारी परत टॅब देता आला असता. मी तसं विचारलंही. ती म्हणाली, “परत तसा बोलता न्हाय येणार, बाई.” हे मला तेव्हा आळशीपणाचं वाटलं.

मग तो रविवार. टॅब मी कल्याणला घरी घेऊन गेले होते. ॲपमध्ये एक सोय होती, ‘आवाज स्वच्छ करा’. दाबली. एक छोटं चक्र फिरलं आणि माग थांबले. मला वाटलं, जादूच आहे. इतका निर्मळ तिचा आवाज, जणू एकटी कुठे देवळात बसून बोलते आहे. पण वडिलांचा आवाज त्या सोयीने हटत नव्हता, माणसाचा आवाज ना तो. अर्धवट, घशात अडकल्यासारखा उरला होता. मग मी कात्रीचं चित्र दाबलं आणि एकेक करून तो हाताने कापला. ‘मंग’ कापला. हसणं कापलं. ‘उकडंल’ कापलं. नेमकं कुठून कुठवर कापायचं हे कळावं म्हणून प्रत्येक तुकडा सात-आठ वेळा ऐकला. भाजी निवडताना किडका भाग टाकावा तशी मी बसले होते, अगदी मन लावून. शेवटी ॲपने विचारलं, जुनी गोष्ट बदलून ही ठेवायची का? मी ‘हो’ दाबलं. दोन-दोन ठेवून पसारा कशाला, हा माझा स्वभाव. घरातही मला रिकामे डबे सहन होत नाहीत.

शिक्षण परिषदेत टाळ्या पडल्या. खेकडा फक्त पाय बुडवून बसला याला लोक हसले. ते वाक्य मध्येच असं का येतं, हे कुणी विचारलं नाही. मलाही विचारावंसं वाटलं नाही. मी भाषण केलं. तंत्रज्ञानामुळे मुलांची सर्जनशीलता, वगैरे. मुलीला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं की तुझ्या गोष्टीला टाळ्या मिळाल्या. ती लाजली. परत ऐकायला मागितली नाही. मीही लावली नाही, कारण टॅब दुसऱ्या गटाकडे होता.

दिवाळीची सुट्टी संपली, ती आली नाही. तीन दिवसांनी तिच्या शेजारणीच्या मुलाने वर्गात सांगितलं, “बाई, तिचे बाबा वारले.” सुट्टीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. मागावर उभे असताना छातीत कळ आली. रिक्षात बसवलं, पण नाक्यापर्यंतही पोचले नाहीत. अडतीस-चाळीसचं वय असेल. मी वर्गात सगळ्यांना उभं करून मौन पाळायला लावलं. मुलं उभी राहिली. बाहेर माग चालू होते.

तेराव्यानंतर ती आली. हजेरीला हात वर केला. मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, “बाई, माझी गोष्ट लावाल? आम्ही जानेवारीत गावाला जाणार हावो. आधी मी ऐकेन, मंग काकाच्या फोनवर पाठवा. काकाचा फोन मोठा हाय. आमच्या फोनात आवाज राहत न्हाय, बटणाचा हाय. बाबाचे फोटो हायत, आवाज न्हाय.”

तेव्हा मला कळलं. ती पुढे काय म्हणाली ते नीट आठवत नाही. सांगता आलं असतं त्याच क्षणी. पण मी काय केलं, तर कपाट उघडलं, टॅब काढला आणि ती गोष्ट लावली. काही तरी चमत्कार होईल, थोडं कुठे उरलं असेल, असं मला खरंच वाटत होतं. शिकलीसवरलेली मी, टॅबकडे देवाकडे बघावं तशी बघत होते.

तिने टॅब कानाला लावला. पहिलं पान झालं. दुसरं झालं. तिसऱ्या पानाच्या शेवटी ती थांबली, टॅब कानापासून दूर करून पाहिलं, आवाज वाढवला, परत लावला. चौथं पान संपलं. तिने मान वर केली.

“ह्यात बाबा न्हाय.”

मी म्हटलं, “अगं, ते ॲप कधी कधी आपोआप पुसतं मागचा आवाज.”

हे मी दहा वर्षांच्या मुलीशी खोटं बोलले. मुलांना मी फळ्याच्या वर रोज सुविचार लिहायला लावते. त्या दिवशीचा सुविचार खरं बोलण्याबद्दल नव्हता एवढं तरी बरं. तिने ते लगेच मानलं. यंत्र आहे, बिघडणार, तिच्या घरात यंत्र रोज बिघडतं. “मंग नीट करून घ्या ना, बाई,” ती म्हणाली. “मेकॅनिक असंल ना त्याचा?”

मी गेले मेकॅनिककडे. एसटी स्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीची रांगच आहे, एकूण पाच दुकानं फिरले. शेवटच्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी तासभर टॅब उघडून, जोडून, काय काय करून पाहिलं. मग चष्मा काढला.

“मॅडम, इसके ऊपर ही दूसरा सेव्ह कर दिया है किसीने. नीचे कुछ बचा नहीं.”

“किसीने नहीं,” मी म्हटलं. “मैंने किया.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पैसे घेतले नाहीत. मला त्यांचा राग आला, कारण त्यांनी पैसे घेतले असते तर निदान एक साधा व्यवहार झाला असता. रिक्षात बसून मी तोंडाला पदर लावून रडले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं आपण हसत म्हणतो. हसण्यासारखं काय असतं त्यात, कोण जाणे.

पुढे महिनाभर ती रोज विचारायची नाही. नुसती मधल्या सुट्टीत टेबलापाशी येऊन उभी राहायची. मी म्हणायचे, “अजून झालं नाही गं.” ती मान डोलावून जायची. ते डोलावणं मला रात्री पाठ वळवली तरी दिसायचं.

त्यांच्या निघण्याच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या खोलीवर गेले. शुक्रवार होता. माग बंद. कारखान्यातून वाट होती. दोन्ही बाजूंना अर्धवट विणलेलं कापड ताणून ठेवलेलं, आडवं सूत नेणारे धोटे जागच्या जागी थांबलेले. मागच्या खोलीत आई गोधड्या बांधत होती. मुलगी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. आईने मला बसायला पाट दिला आणि स्टोव्ह पेटवला. मी म्हटलं चहा नको, आधी मला बोलू द्या. आणि सगळं सांगितलं. ॲप नाही, मी. बटण, कात्री, शिक्षण परिषद, टाळ्या. काही लपवलं नाही. बोलून झाल्यावर वाटलं आता तिची आई मला चार शब्द सुनावेल, आणि सुनावले तर बरंच होईल.

आई म्हणाली, “तुम्ही पोरीचं नाव व्हावा म्हणून केलात. तुम्हाला काय ठाव, माणूस जाणार हाय.” आणि चहाचं आधण ठेवलं. मला तिचा तो चांगुलपणा सोसला नाही.

मुलगी मात्र भांडी ठेवून माझ्यासमोर येऊन बसली होती. रडली नाही, रागावली नाही.

“बाई, म्हणजे तुम्ही त्याला लय वेळा ऐकलात?”

“हो.”

“कापताना?”

“हो.”

“मना आता त्याचा आवाज नीट आठवत न्हाय,” ती म्हणाली. “काय बोलला ते आठवतो. कसा बोलला ते जातो. गोष्टीतला तो शेवटी तुम्हीच ऐकलात. बोलून दाखवा ना.”

आई म्हणाली, “बाय, बाईंना तरास नको देऊ.” मी म्हटलं, “नाही, देऊ दे.”

मला सगळं पाठ होतं. कुठे ते हसले, कुठे श्वास घेतला, कुठे शब्द ओढला. सात-आठ वेळा ऐकलं होतं ना मी. मी म्हटलं, “अगो बाय, उकडंल ना त्यो!”

शाळेत नाटकातला उतारा वाचून दाखवावा तसं ते आलं. तिने मान हलवली. “असा न्हाय.”

मी जरा मोठ्याने म्हटलं. “असा न्हाय, बाई. तो अजून लांबून बोलतो.” मी उठून दारात जाऊन उभी राहिले, कारखान्याकडे तोंड केलं, आणि आयुष्यात कधी ओरडले नव्हते इतक्या जोरात ओरडले. माग बंद होते. माझाच आवाज त्या मोठ्या शेडमधून परत आला, शिकलेला, स्वच्छ, बाईचा.

मी वळले. ती डोळे मिटून बसली होती, ऐकण्यासाठी. मग तिने डोळे उघडले.

“राहू द्या, बाई,” ती म्हणाली, आणि उरलेली भांडी बांधायला उठली.